काउंटर नंबर दोनवरून

महाड,
बुधवार, १६ एप्रिल २००३

तीर्थरूप दादांस,

धाकट्या गोदूचा वाकून नमस्कार. (वाकताना डोक्यावर कागदी टोपी नव्हती, याची खात्री बाळगावी.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे मी आणि तुमचे मेहुणे; देवश्री पुण्याला हॉस्टेलवर गेल्यापासून या घरात ‘सगळे’ म्हणजे दोनच माणसं उरली आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता ना, की बाटली फळीवर ठेवून नुसते तिच्याकडे बघता? तुमचा रक्तदाब माझ्यामुळे वाढला असं गीतावहिनींकडून कळलं. मी काम सोडल्यावर तो उतरेल असं डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ती चिठ्ठी पाठवा, मी नीट वाचेन. तोवर लोणचं कमी करा.

रोज सकाळी एस.टी.नं पोलादपूरला येऊन तुमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आठ तास उभी असणारी बहीण पत्र कशाला लिहिते, असं पोस्टमनलासुद्धा वाटेल. पण तुम्ही बोलणं टाकलंत, त्याला आज वीस दिवस झाले. मी स्टँडवर उतरून तुमच्या दुकानावरून जाते, तेव्हा तुम्ही वह्यांच्या गठ्ठ्याकडे तोंड करून उभे असता. (त्या गठ्ठ्यावर धूळ फार झाली आहे. रुसायचं तर रुसा, पण हातात फडकं घेऊन रुसा.) आणि मग परवा तुमचं चार पानी पत्र आलं. ‘तीस एप्रिलच्या आत ते काम सोडून घरी बसावे’ हे वाक्य तुम्ही लाल शाईनं अधोरेखित केलं आहे. योगायोग बघा, माझी तीन महिन्यांची परीक्षा तीस एप्रिललाच संपते. त्या दिवशी कंपनी एक तर मला कायम करणार किंवा टोपी परत घेऊन घरी पाठवणार. बाबा गेल्यावर तुम्हीच आमचे वडील झालात, हे मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. पण कायम व्हायचं, हे माझं ठरलं आहे. बाकीचं पत्र हे का ठरलं ते सांगण्यासाठी आहे, तेव्हा चष्मा लावून सावकाश वाचा.

सुरुवात कशी झाली ते तुम्हाला कुणीतरी उलटंच सांगितलेलं दिसतं. मी काम शोधत नव्हते. जानेवारीत सावित्रीच्या पुलाकडच्या चुलत नणंदेला हळदीकुंकवाचं वाण द्यायला गेले होते, तर ती घरी नव्हती. परत येताना महाडच्या स्टँडवर भिंतीला कागद चिकटवलेला दिसला: पोलादपूरला हायवेवर पेट्रोलपंपाशेजारी नवीन फास्ट फूडचं दुकान, माणसं हवीत, अनुभवाची गरज नाही, वय अठरा आणि पुढे. आता ‘पुढे’ म्हणजे कुठपर्यंत ते लिहायचं कंपनी विसरली. मी त्रेचाळीस. अठराच्या पुढेच की! नाहीतरी वाण हातात तसंच होतं, समोर पोलादपूरची गाडी लागलेली होती, मी चढले. (तुमचे मेहुणे म्हणतात की गाडी महाबळेश्वरची असती तर मी घाट चढून स्ट्रॉबेरीच्या कारखान्यात लागले असते. त्यांना विनोद सुचतात तेव्हा ते पंचायत समितीच्या ऑफिसातून लवकर येतात.)

मुलाखत घ्यायला निषाद नावाचा मुलगा बसला होता. तोच आमचा मॅनेजर. वय चोवीस, राहणार ठाणे, हॉटेलाचं शिक्षण झालेलं, मिशीचं अजून व्हायचं आहे. त्यानं विचारलं, स्वयंपाकाचा अनुभव? मी म्हटलं, तेवीस वर्षं. दोन वेळा, सुरुवातीची पंधरा वर्षं अकरा माणसं, शिवाय सणवार, आणि त्या अकरांत एक सासूबाई. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फॉर्मवर लिहिलं, ‘अनुभव: नाही’. मला राग आला नाही, दादा. घरीही तो कुणी कधी लिहून ठेवला नव्हता. निदान या मुलानं मला तो प्रश्न विचारला. मी त्याला ते वाण देऊन टाकलं, त्यात कंगवा होता, आणि तो अजून वापरतो.

मग बिल्ल्याचा प्रश्न आला. तुमच्या पत्राचं दुसरं पान त्यावरच खर्ची पडलं आहे. कंपनीत आडनाव नाही, बाई नाही, ताई नाही. एप्रनवर बिल्ला, त्यावर नुसतं नाव. निषादनं विचारलं, काय लिहू? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘मंगला’ लिहिलं, तेव्हापासून रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत मी मंगला आहे. पण माझ्या तोंडून आपोआप निघालं, गोदावरी. आता मुंबईहून गोव्याला जाणारी माणसं काउंटरपाशी येतात, बिल्ला वाचतात आणि ‘गोदावरी, दोन बर्गर’ म्हणतात. परके पुरुष तुला एकेरी हाक मारतात, असं तुम्ही लिहिलंत. मारतात. पहिल्या दिवशी माझे कान गरम झाले होते. आठवड्यानं माझ्या लक्षात आलं की आई गेल्यापासून तुमच्याशिवाय कुणी मला या नावानं बोलावलं नव्हतं, आणि तुम्हीही अर्धंच घेता. ती हाक मला आवडते. असं लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

आता तो कुडपण गावच्या म्हातारा-म्हातारीचा प्रकार. तो तुमच्यापर्यंत तिखटमीठ लावून पोहोचला आहे (‘तुझ्या बहिणीनं गिऱ्हाइकांना फुकट जेवू घातलं आणि मालकानं तिला हाकलली’), तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका. मुंबईच्या ऑफिसनं आम्हाला एक कार्ड दिलंय, त्यावर गिऱ्हाइकाशी बोलायची वाक्यं छापलेली आहेत. ती पाठ करायची. त्यातलं तिसरं वाक्य, ‘यासोबत मोठे फ्राइज घेणार का?’ फ्राइज म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या लांब काड्या. (तळून सात मिनिटं झाली की यंत्र शिट्टी मारतं आणि त्या टाकून द्यायच्या असतात. पहिल्या आठवड्यात मी त्या टाकल्या नाहीत, मागच्या बाजूला हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन पोरांना खायला घातल्या, आणि नेमका त्याच दिवशी मुंबईचा तपासनीस आला. त्यानं दोन वाट्या खाल्ल्या आणि मग मला लेखी ताकीद दिली.) तर हे तिसरं वाक्य मी कोरडेपणानं म्हणते, अशी निषादची तक्रार होती. काकू, मनापासून विचारा, म्हणाला.

दादा, मनापासून विचारणं आपल्याला शिकवावं लागतं का? आईनं मला पाचवीत असल्यापासून पंगतीत वाढायला उभं केलं. पहिल्या ‘नको’वर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या ‘नको’ला पानात टाकायचं, तिसऱ्याला हसत पुढं जायचं. त्या दिवशी कुडपणहून महिपत आणि धोंडूबाई असं जोडपं तहसील कचेरीत उताऱ्यासाठी आलेलं होतं, बरोबर आयुष नावाचा सहा वर्षांचा नातू. नातवानं बोर्डावरचं चित्र बघून हट्ट धरला, म्हणून एक बर्गर घेतला. पैसे दिले. माणसं तीन, बर्गर एक! म्हातारी त्याचे नखाएवढे तुकडे करायला लागली तेव्हा मला राहवेना. मी ट्रे घेऊन टेबलाशी गेले आणि मनापासून विचारलं. एवढ्यानं काय होतंय आजी, हे घ्या. ती म्हणाली, नको गो. मी ठेवलं. नको म्हणतंय ना, म्हणाली. मी आणखी ठेवलं. महिपतबाबा हात आडवा करत होते, त्यांच्या हातावरून वाढलं. फ्राइज झाले, दुसरा बर्गर झाला, तिसरा झाला, आयुषला आइस्क्रीम झालं. निषाद लांबून अंगठा दाखवत होता, त्याला वाटलं विक्री चालली आहे. मलाही तसंच वाटत होतं, हो! मी मागून बिलाची पट्टी काढून आणली, तर धोंडूबाईंनी माझ्या कानशिलांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “इतका आग्रेव सोयऱ्यांत कुनी करत नाय गो बाय,” म्हणाल्या, आणि जीप सुटायला आली म्हणून तिघंही निघून गेले. ज्याला आग्रह करून वाढलं त्याच्यापुढे बिल धरायचं कसं, हे कार्डावर कुठेच छापलेलं नव्हतं. मी पट्टी मुठीत धरून दारात उभी राहिले. ते पैसे माझ्या पगारातून गेले आणि ते जायलाच हवे होते.

हाकललं वगैरे कुणी नाही. उलट पुढच्या सोमवारी जीपवाल्या चांगूबरोबर टोपभर खरवस आला, आणि त्याच्या मागोमाग धोंडूबाई स्वतः आल्या, खजील होऊन. “दुकान हाय ह्ये आमाला काय ठाव? तू तं पावन्यावानी वाढलंस,” असं म्हणत कनवटीची नोट काढून माझ्या हातात कोंबायला लागल्या. मी नको म्हटलं. त्यांनी दुसऱ्या ‘नको’ला ती माझ्या एप्रनच्या खिशात टाकली. त्यांनाही कुणीतरी पंगतीत उभं केलेलं असणारच. त्यानंतर निषादनं नियम केला की काकूंनी आग्रह पैसे घेण्याआधी करायचा, पैसे घेतल्यावर गप्प बसायचं. तेव्हापासून बघा, मार्चमध्ये सगळ्यात जास्त फ्राइज काउंटर नंबर दोनवर खपले. मुंबईची माणसं तर दुसऱ्या ‘नको’पर्यंतही टिकत नाहीत. वरच्या ऑफिसनं विचारलं, ही कुठली पद्धत? निषादनं कळवलं, स्थानिक.

आता तुमच्या-माझ्यातलं. सत्तावीस मार्चला तुम्ही मुरारी गुरुजींबरोबर थंड काहीतरी प्यायला आमच्या दुकानात आलात, ते मी तिथं असते हे ठाऊक नसताना. (मी तुम्हाला महाडच्या पतपेढीत मदतनीस म्हणून लागले असं सांगितलं होतं, आणि तोवर स्टँडवरून तुमचं दुकान चुकवून मागच्या वाटेनं येत होते. ते खोटं होतं. त्याबद्दल माफी मागते, आणि फक्त त्याबद्दलच मागते.) तुम्ही रांगेत पुढे सरकत माझ्यापुढे आलात आणि वर बघितलंत, तोवर माझ्या तोंडून कार्डावरचं पहिलं वाक्य निघून गेलं होतं: नमस्कार, आपलं स्वागत आहे, काय देऊ? तुम्ही म्हणालात, “टोपी काढ आणि घरी चल.” तुमच्या मागे गोव्याच्या बसमधली वीस-बावीस माणसं. काही सुचत नसलं की पाठ केलेलं बाहेर येतं. मी विचारलं, यासोबत मोठे फ्राइज घेणार का? मुरारी गुरुजी हसले. देवाशपथ सांगते, मी तुमची थट्टा केली नव्हती. तुमचा खरा राग गुरुजींच्या हसण्यावर आहे, पण ते तुमच्याकडून वह्या घेतात, म्हणून तो माझ्या वाट्याला आला.

तुमचे मुद्दे मी रात्री तुमच्या मेहुण्यांना वाचून दाखवले. (हल्ली कुकर ते लावतात. तीन शिट्ट्या मोजायच्या असतात, त्या ते बोटांवर मोजतात आणि चुकतात.) पगार म्हणजे चेष्टा आहे, असं तुम्ही लिहिलंत. आहेच. त्यातून एस.टी.चा पास वजा केला तर उरतं त्यात फार काही होत नाही. ते पोरांचं काम आहे. खरं आहे, माझ्या उजव्या-डाव्या हाताला देवश्रीपेक्षा लहान मुली असतात आणि मला यंत्राची बटणं शिकवतात, ओरडतात सुद्धा. केसांना तेलाचा वास राहतो, तो शिकेकाईनं जात नाही. संध्याकाळी पाय सुजतात. हे काम थोर आहे असं माझं म्हणणंच नाही. यापेक्षा घरबसल्या पापड लाटावेत, असं तुम्ही सुचवलंत. दादा, पापड मी लाटलेत. पापड लाटताना कुणी घड्याळ बघत नाही, माझंही कुणी बघितलं नाही. इथे पाच वाजले की निषाद म्हणतो, काकू, तुमची शिफ्ट संपली. पहिल्या दिवशी तो असं म्हणाला तेव्हा मी तशीच उभी राहिले, कारण संपणं म्हणजे काय ते मला कळेना. स्वयंपाकघरात तेवीस वर्षांत मला असं कुणी म्हणालेलं नाही.

आणि यातून शिकणार काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अनोळखी माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायला शिकले. गल्ल्याचं यंत्र चालवायला शिकले. चूक झाली तर ती कागदावर आपल्या सहीनं लिहून द्यायला शिकले (आतापर्यंत अकरा कागद). एका टुरिस्टनं टेबलावर चुटकी वाजवून बोलावलं तेव्हा रांगेत या, असं न थरथरता सांगायला शिकले. पूनम म्हणून माझ्या शेजारच्या काउंटरवर मुलगी आहे, बारावी झालेली, ती म्हणते की काकू, ही तर फक्त सुरुवात आहे, दोन वर्षांनी मी मोठ्या हॉटेलात जाणार. तिला कुणी हसत नाही. अठराव्या वर्षी कमी पगाराची सुरुवात केली तर ती सुरुवात, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी केली तर शोभा, हे गणित मला पटत नाही. सुरुवात लहानच असते. माझी उशिरा झाली, म्हणून मी तिला नाही म्हणणार नाही. कायम झाले तर जूनपासून शिफ्ट सांभाळणाऱ्यांच्या शिक्षणाला बसता येतं. मी बसणार आहे.

गीतावहिनींना नमस्कार. तुमच्यावर माझा राग नाही, तुमचा माझ्यावर असला तर तो सांभाळून ठेवा आणि वह्यांवरची धूळ झटका.

तुमची,
गोदावरी (पत्रात तरी पूर्ण)

ता. क. एवढं मोठं पत्र लिहिलं, पण काम दोन ओळींचं होतं. मुंबईचं ऑफिस म्हणतं, बिल्ल्यावर गोदावरी आणि रेशनकार्डावर मंगला, म्हणजे एका पगारावर दोन बायका दिसतात. शिवाय जन्मतारखेचा पुरावा हवा. दोन्हीला एकच कागद चालेल, माझा शाळा सोडल्याचा दाखला. तो तुमच्या कपाटात बाबांच्या कागदांबरोबर आहे. तीस तारखेच्या आत तो लागेल, नाहीतर मला कायम करता येणार नाही. मागायला स्वतः आले असते, पण वह्यांच्या गठ्ठ्याशी काय बोलायचं? कृपा करून पाठवा.

ता. क. दुसरा (गुरुवार, जेवणाच्या सुट्टीत). पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज अकरा वाजता गीतावहिनी आल्या. तुम्हाला बाजारात जाते सांगून आल्या आणि पिशवीतल्या भाजीखालून दाखला काढून माझ्या हातात दिला. त्यांना बोलू नका. कागद लागणार हे मीच त्यांना मागे बोलले होते. दाखला मी आज पहिल्यांदा पाहिला. सत्तावीस वर्षं तुम्ही पाहुण्यांत, माझ्या लग्नाच्या बोलणीत, देवश्रीसमोरसुद्धा सांगत आलात की गोदूला अभ्यासाची गोडी नव्हती, दहावीला तिनंच शाळा सोडली. मला वेगळं आठवायचं. पण तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की मला वाटायला लागलं, माझंच चुकत असेल. दाखल्यावर हेडमास्तरांच्या अक्षरात लिहिलं आहे: प्रगती, उत्तम. वर्तणूक, उत्तम. शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून. सोबत तुमच्या विनंतीअर्जाची नक्कल टाचणीनं लावलेली आहे.

तुम्ही तेव्हा चोवीस वर्षांचे होतात, आई अंथरुणावर, दुकान नवं, घरात बाईमाणूस मीच. तुम्ही काय करणार होतात, ते मला आज कळतं. तरीही मी कोठीत बटाट्याच्या पोत्यावर बसून रडले. वर लिहिलंय की राग नाही. ते खोडत नाही, पण आता तो आहे आणि थोडे दिवस राहील. निषादनं दाखला मुंबईला फॅक्स केला. कायम होण्याचा फॉर्म मी आत्ता भरला. त्यात अगदी तळाला, पुढे कधीतरी लागेल म्हणून, एक रकाना आहे: काम सोडण्याचे कारण. तो आज कोरा आहे. कधी भरायची वेळ आलीच, दादा, तर तो मी माझ्या हातानं भरीन, आणि त्यात पालकांची विनंती नसेल.